डायनासोरची आई कुठे गेली? लहान मुलांना प्राण्यांचं कुटुंब समजावून सांगताना

केजीतल्या मुलाला विचारा, प्राणी कुटुंबात का राहतात? उत्तर ठरलेलं असतं: "त्यांचं एकमेकांवर प्रेम असतं म्हणून." उत्तर गोड आहे, पण त्यातून मुलाच्या हाती काही लागत नाही. सरड्याची मादी मातीत अंडी पुरते आणि मागे वळूनही बघत नाही. वाघीण पिलांना दोनेक वर्षं सांभाळते, वाघ मात्र आपल्या वाटेने जातो. वानरांची टोळी एकत्र राहते. मग प्रेम कोणाचं जास्त आणि कोणाचं कमी? या वाटेने गेलं की आपणच अडकतो.

मी मुलांना वेगळ्या बाजूने नेते. कुटुंब हे काम भागवण्यासाठी असतं. पिल्लू किती असहाय आहे, खायला आणणं किती अवघड आहे आणि खाणारा शत्रू किती जवळ आहे, या तीन गोष्टी बघायच्या. तिन्हींचं पारडं जड असलं की सांभाळणारं कोणीतरी लागतं, कधी एक, कधी दोघं, कधी अख्खी टोळी. पिल्लू पहिल्याच दिवशी स्वतःचं पोट भरू शकत असेल, तर आई निघून गेली तरी त्या प्राण्याची जात टिकते. चार ते आठ वर्षांच्या मुलांना हे नुसतं सांगून कळत नाही, खेळून मात्र चटकन कळतं.

त्यासाठी डायनासोरच का? मुलं त्यांच्यापायी वेडी असतात, हे एक. दुसरं म्हणजे, पिलांना सांभाळणारे आणि सोडून जाणारे असे दोन्ही प्रकार त्यांच्यात दिसतात. आणि तिसरं आपल्या नागपूरकरांच्या जवळचं आहे. सोडून जाणाऱ्यांचे नातेवाईक आपल्याच शेजारी राहायचे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या डोंगरगावला सापडलेला इसिसॉरस हा त्याच लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या टायटॅनोसॉर घराण्यातला.

आधी तुमची स्वतःची तयारी

तुम्हाला चार घरटी नीट माहीत हवीत. पुस्तकातली दहा अवघड नावं पाठ करण्यापेक्षा ही चार पुरतात.

पहिलं मायासॉराचं. १९७८ साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात ही घरटी सापडली आणि पुढच्या वर्षी जॅक हॉर्नर आणि रॉबर्ट मकेला यांनी या डायनासोरला नाव दिलं. एका घरट्यात पंधरा बाळं होती, प्रत्येक साधारण एक मीटर लांबीची. म्हणजे ती नुकती अंड्यातून निघालेली नव्हती. बरीच वाढली होती, तरी घरट्यातच होती. कोणीतरी त्यांना खायला आणून देत असणार, असा अंदाज इथूनच निघाला. घरटी एकमेकांपासून सात-एक मीटरवर होती, म्हणजे मोठ्या मायासॉराच्या लांबीपेक्षाही थोडी कमी मोकळी जागा. सगळ्यांनी मिळून वस्ती केलेली.

दुसरं धारचं. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, नर्मदेच्या खोऱ्यात टायटॅनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी मोजली गेली. हा अभ्यास २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. इथली घरटी इतकी दाटीवाटीने आहेत की एवढ्या अवाढव्य माद्यांना त्यांच्यामधून फिरणं शक्यच नव्हतं. अंडी घालायची, झाकायची आणि जायचं, असाच त्यांचा रिवाज असावा असं अभ्यासकांचं मत आहे.

तिसरं गुजरातेतल्या ढोली डुंगरीचं. अंड्यांपाशी वेटोळं घालून बसलेला साडेतीन मीटरचा साप आणि शेजारी अर्ध्या मीटरचं टायटॅनोसॉरचं पिल्लू, असा तो जीवाश्म आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांनी तो १९८० च्या दशकात शोधला. त्यात साप आहे हे नंतर ओळखू आलं आणि २०१० मध्ये त्याला सनाजेह इंडिकस हे नाव मिळालं. आई जवळपास नसली की काय होतं, हे दाखवणारा यापेक्षा बोलका दगड मला तरी ठाऊक नाही.

चौथं गोबी वाळवंटातलं. १९२३ मध्ये तिथे अंड्यांच्या घरट्यावर एक सांगाडा सापडला. अंडी दुसऱ्याच डायनासोरची आहेत असं समजून त्याच्यावर अंडीचोर असा शिक्का बसला. सत्तर वर्षांनी, १९९३ मध्ये, तसल्याच अंड्याच्या आत त्याच घराण्यातलं न जन्मलेलं बाळ मिळालं. त्यानंतर हात पसरून अंड्यांवर बसलेले, त्याच घराण्यातल्या सिटिपाटीचे सांगाडेही सापडले. चोर म्हणून बदनाम झालेला प्राणी आपलीच अंडी उबवत होता. हाडांच्या अभ्यासावरून काही शास्त्रज्ञांना असंही वाटतं की उबवणारा बाप असावा.

सामान आणि वेळ

सामान म्हणजे रांगोळी किंवा खडू, सुतळीचा गुंडा, मोजपट्टी, फुगे, जुने पेपर, मैद्याची खळ, बाटल्यांची शंभरेक प्लास्टिकची झाकणं आणि एक-दोन नऊवारी. चिंचोके किंवा मणी घेऊ नका, चार वर्षांचं पोर ते हमखास तोंडात घालतं. मैदान कॉलनीचं असो की शाळेचं, काही बिघडत नाही. वेळ मात्र सांभाळा. हिवाळ्यात संध्याकाळी कधीही चालेल. एप्रिल-मे महिन्यात नागपुरात हा खेळ सकाळी सातला सुरू करून साडेआठला आवरायचा, नाहीतर डायनासोरच्या आधी पोट्टेच नामशेष होतील.

सगळं एका दिवसात उरकू नका. तीन-चार बैठका करा, मधे एखादा दिवस सोडा. पोरं घरी जाऊन आबाजीला सांगतात, आबाजी काहीतरी उलट विचारतात आणि पुढच्या बैठकीला प्रश्न घेऊन येतात.

पहिली बैठक: आकार

मैदानावर नऊवारी उलगडून सरळ लांब पसरा. आठ मीटरच्या थोडं वर भरते. मायासॉरा नऊ मीटरच्या आसपास, म्हणजे साडीच्या टोकाला मोठ्या माणसाचं एक पाऊल जोडायचं. मुलांना तिच्या कडेने चालवा, डोकं कुठे आणि शेपूट कुठे ते त्यांनाच ठरवू द्या. मग दुसरी नऊवारी पुढे लावा. आता झाला टायटॅनोसॉर, जवळजवळ तेवढा. इथे पोरं गप्प होतात, कारण चित्रातला डायनासोर पुस्तकाच्या पानाएवढाच असतो.

यानंतर अंडं. फुगा १५ ते १७ सेंटीमीटर रुंद होईल इतकाच फुगवायचा आणि मोजपट्टीने पडताळायचा. त्यावर पेपरचे तुकडे खळीने चिकटवायचे, तीन थर. हे धारच्या अंड्यांचं माप. मुलांना बहुतेकदा धक्का बसतो, त्यांना अंडं मोटारीएवढं अपेक्षित असतं. अंडं दोन साड्यांच्या शेजारी ठेवा आणि विचारा: एवढी मोठी आई या अंड्यावर बसली तर? उत्तर ओरडूनच येतं. "फुटीन ना!" उबवणं टायटॅनोसॉरच्या नशिबीच नव्हतं, हे मुलांनी आपलं आपण शोधून काढलेलं असतं. तुम्ही फक्त साडी पसरली.

अंडी वाळायला दोन दिवस लागतात. पावसाळ्यात चार धरा.

दुसरी बैठक: घरट्याचा खेळ

या धड्यात सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो इथे. घाई केली तर खेळ म्हणजे नुसती पळापळ होते.

रांगोळीने दोनेक मीटर रुंदीचं गोल घरटं काढा. चार मुलं पिल्लं होऊन आत बसतील. त्यांनी उठायचं नाही, रांगायचं नाही, फक्त तोंडं उघडून ओरडायचं. वीस पावलांवर झाकणांचा ढीग, तो चारा. एक मूल साप. सुतळी साडेतीन मीटर मोजून कापा आणि त्याच्या कमरेला मागे लोंबती बांधा, म्हणजे सापाची लांबी सगळ्यांना दिसते. साप होण्यासाठी भांडणं होतात, तेव्हा आधीच चिठ्ठ्या टाका. भित्र्या मुलाला पिल्लू करू नका, पहिल्या फेरीत त्याला बाजूला बसवून मोजायला सांगा.

पहिली फेरी: पिल्लांना कोणीच नाही. साप दर दहा अंक मोजले की येतो आणि एकाला हात लावून नेतो. चाळीस मोजेपर्यंत घरटं रिकामं. इथे काही बोलू नका, शांतपणे पुढची फेरी लावा.

दुसरी फेरी: एक मोठा प्राणी. आई की बाप ते मुलांवर सोडा. प्रत्येक पिल्लाला पाच झाकणं मिळाली तरच ते जगेल, आणि एका खेपेत दोनच झाकणं न्यायची. म्हणजे वीस झाकणांसाठी दहा खेपा. ती चाऱ्याकडे गेली की साप येतो. ती थांबली की साप येत नाही, पण पिल्लं उपाशी. दोन-तीन मिनिटांत आजूबाजूची मुलं अस्वस्थ होऊन सल्ले देऊ लागतात. "एकानं थांबा, एकानं जा!" हे वाक्य त्यांच्या तोंडून येईपर्यंत वाट बघा. तुम्ही आधी बोललात तर सगळा खेळ वाया.

तिसरी फेरी: मग दोघं द्या. आता जमतं, पण राखणारा कंटाळून इकडेतिकडे बघतो आणि साप एखादं पिल्लू उचलतोच. छान आहे, होऊ द्या.

चौथी फेरी: मायासॉराची वस्ती. चार घरटी, प्रत्येकाशी दोन मोठे. घरट्यांमधलं अंतर मोठ्या माणसाची दहा पावलं, साधारण सात मीटर. आता नियम एकच, मोठ्यांनी आपसात ठरवायचं. काही गट लगेच एक राखणदार नेमतात आणि बाकीचे चाऱ्याला जातात. काही गटांत सगळेच चाऱ्याकडे धावतात, मागे कोणी नसतं. भांडण झालं तरी मधे पडू नका. पुन्हा खेळले की आपोआप सुधारतं.

पाचवी फेरी ही या सगळ्याची किल्ली. आता पिल्लं टायटॅनोसॉरची. ती निघाल्याबरोबर उठून पळू शकतात आणि आपला चारा आपण उचलू शकतात. मोठं कोणीच नाही. साप येतो, एक-दोन पकडतो, बाकीचे झाकणं घेऊन पसार. आता विचारा: इथे आई लागली का? इथली मुलं हमखास दोन तट पाडतात. "लागली असती तर ते दोघं वाचले असते," असं म्हणणारी आणि "बाकीचे तर वाचलेच ना," असं म्हणणारी. दोन्ही बरोबर आहेत. टायटॅनोसॉरच्या आया हेच गणित खेळत होत्या: अंडी पुष्कळ घालायची, राखायची एकही नाही. मायासॉराचं गणित उलटं.

एका बैठकीत कोणीतरी विचारलं, "मंग त्याईची आई काहून थांबली नाही?" तेव्हा साड्या आणि अंडं परत दाखवा. ती थांबली असती तर तिच्या पायाखालीच घरटी गेली असती.

गवताच्या पोत्याचा प्रयोग

मायासॉरा अंड्यांवर बसत नसे, तिच्या वजनाने तीही फुटली असती. घरट्यावर कुजणारा पाला घालून ती अंडी उबदार ठेवत असावी, असा अंदाज आहे. हे हाताला जाणवून देता येतं. बागेतलं नुकतं कापलेलं हिरवं गवत पोतंभर घ्या, थोडं ओलं करा, दाबून भरा आणि सावलीत ठेवा. टोपलीभर गवताने काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मधोमध लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटं ठेवा. बाहेर काढून आधी तुम्ही हात लावा, मग मुलांना लावू द्या. सळई कोमट लागते. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला पोतं उघडताना जवळ येऊ देऊ नका, बुरशी उडते.

आई बसली नाही तरी तिचं काम झालं, हा मुद्दा मुलं इथे पकडतात. सांभाळणं म्हणजे कुशीत घेणंच, असं नसतं.

तिसरी बैठक: तुम्हाला कसं कळलं?

मुलांनी हे विचारलं पाहिजे, नसेल विचारलं तर तुम्ही विचारा. पेपरचं अंडं आणि घरट्यातल्या मायासॉराच्या बाळाएवढी मीटरभर सुतळी समोर ठेवा. मीटरभर लांबीचं बाळ या अंड्यात मावेल का? नाही. मग ते बाहेर येऊन वाढलं. आणि तरी घरट्यात का सापडलं? मुलं उत्तरं देतात: खायला कोणीतरी आणत होतं, बाहेर भीती होती, पाय कच्चे होते. अभ्यासकांनी असाच विचार केला. फक्त अंदाज आणि पुरावा यांतला फरक आताच दाखवा: घरट्यात मोठी झालेली बाळं सापडली, हा पुरावा, आई खायला आणायची, हा अंदाज. दगडात प्रेम उमटत नाही, बाळाची लांबी उमटते.

गोबीच्या अंडीचोराची गोष्ट याच बैठकीत सांगा. एका मुलाला अंड्यांवर ओणवं बसवा आणि बाकीच्यांना विचारा, हा काय करतोय? निम्मे म्हणतात चोरतोय, निम्मे म्हणतात उबवतोय. मग दुसरा पुरावा द्या, अंड्यात त्याचंच बाळ सापडलं. निकाल बदलतो. शास्त्रज्ञही मत बदलतात, हे मुलांना फार आवडतं, आणि वर्गात कोणी कोणावर खोटा आळ घेतला तर हेच उदाहरण ती तुम्हाला ऐकवतात.

मग बाहेर बघायचं

आता जिवंत प्राण्यांकडे या. पक्षी हे डायनासोरचेच वंशज आणि मगर ही दोघांची दूरची नातेवाईक. मगरीण घरट्याची राखण करते आणि पिल्लं तोंडात धरून पाण्यात नेते. कोंबडी पंख पसरून अंड्यांवर बसते ती जवळपास सिटिपाटीच्या थाटात. खेड्यात आजोळ असलेल्या मुलांनी ती बघितलेली असते, बोलू द्या त्यांना.

मोकळ्या मैदानावर टिटवी दिसली तर थांबा. तिची पिल्लं जन्मल्याबरोबर चालतात, म्हणून मुलं लगेच म्हणतात, ही टायटॅनोसॉर! पण टिटवी तर डोक्यावर घिरट्या घालून ओरडत असते. म्हणजे चालता येतं तरी धोक्याची खबर द्यायला कोणीतरी हवं. खेळातल्या पाच फेऱ्यांमध्ये न बसणारं उदाहरण आलं की धडा खरा सुरू होतो. उलट चिमणीची पिल्लं अंगावर पीसही नसलेली, डोळे मिटलेली. तिथे दोघंही दिवसभर खेपा घालतात.

ताडोबा-पेंचच्या रानकुत्र्यांची गोष्ट जरूर सांगा. त्यांच्या कळपात पिल्लांना फक्त आईबाप नाही, बाकीचेही शिकारीचं मांस पोटातून उलटून भरवतात. मुलं "ईईई" करतात आणि आयुष्यभर विसरत नाहीत. विदर्भातल्या तलावांवरच्या कमळपक्ष्यांत अंडी उबवायची आणि पिल्लं वाढवायची ती बापाने, मादी निघून जाते. गोंदियाकडच्या सारसांची जोडी मिळून पिल्लू वाढवते. अशी तीन-चार उदाहरणं शेजारी ठेवली की आई-बाबा-दोन पिल्लं हा एकच साचा नाही, हे सांगायची गरज उरत नाही.

चीनमधला एक जीवाश्मही इथे कामी येतो. सिट्टाकोसॉरस नावाच्या डायनासोरच्या पुष्कळशा बाळांसोबत चार-पाच वर्षांचं एकच मोठं पिल्लू सापडलं. त्याच्याकडे बाळं राखायचं काम असावं, असा एक अंदाज आहे. वर्गात धाकट्या भावंडांना खेळवणाऱ्या ताई-दादा लोकांना याचा केवढा अभिमान वाटतो!

अवघड प्रश्न

वर्गात कोणाची आई दुसऱ्या गावी नोकरीला असते, कोणाचे वडील नसतात, कोणी आजीकडेच वाढतो. म्हणून "तुझ्या आई-बाबांचं चित्र काढ" हा प्रकार मी या धड्यात कधीच ठेवत नाही. त्याऐवजी कागदावर तीन कप्पे करते: भूक लागली की कोण देतं, भीती वाटली की कोणाकडे पळतोस, शाळेतून न्यायला कोण येतं. त्यात आबाजी येतात, मावशी येते, शेजारच्या काकू येतात, ऑटोवाले काका येतात. सुरुवातीला बघितलेल्या तीन गोष्टींशी हे कप्पे बरोबर जुळतात. "पूर्ण कुटुंब" हा शब्द टाळा.

"टायटॅनोसॉरची आई वाईट होती का?" हा प्रश्न येतो. नाही म्हणा आणि पाचवी फेरी आठवून द्या. लांबड लावू नका.

"सगळे मेले कसे?" ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एक प्रचंड अशनी आदळली. त्याच सुमारास आपल्याकडे लाव्हाचे लोटच्या लोट वाहत होते. सीताबर्डीची टेकडी त्याच लाव्हाच्या काळ्या दगडाची. एवढं सांगून थांबा. लहान मुलांना मरणाच्या तपशिलापेक्षा टेकडी दाखवलेली जास्त आवडते.

सहल

नागपुरात गांधीसागर तलावासमोरच्या रमण विज्ञान केंद्रात प्रागैतिहासिक प्राण्यांचे मोठे पुतळे बाहेर उभे आहेत. तिथे धावपळ करू द्या, मग प्रत्येक पुतळ्यासमोर एकच प्रश्न: याच्या पिल्लाला कोणी लागत असेल का, आणि का वाटतं तसं? १८६३ पासूनच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, पेंढा भरलेले पक्षी आणि प्राणी बघून तोच प्रश्न विचारता येतो. सेमिनरी हिल्सला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे. तिथला संग्रह मुलांना बघता येईल का, हे शाळेच्या पत्रावर आधी विचारून घ्यावं.

मुलं सात-आठ वर्षांची असतील तर वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याची गोष्ट सांगा. तिथे डायनासोरच्या विष्ठेचे दगड झालेले सापडतात, आणि त्यात गवताचे सूक्ष्म कण मिळाल्याचं २००५ मध्ये जाहीर झालं. "शेणाचा दगड" ऐकल्यावर जो दंगा होतो, तो ओसरू द्या. तिकडे गेलात तर मुलांच्या खिशात कागद-पेन्सिल द्या, दगड उचलायचे नाहीत, चित्र काढायचं. जीवाश्म जागेवरून हलला की तो कुठल्या थरात, कोणाच्या शेजारी होता, हे कळायचं राहून जातं.